अळ्या पडल्या की समजा बाग लागली

आमच्या घरासमोर तीनशे-साडेतीनशे चौरस फुटांचं लॉन होतं. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांत ज्याच्या त्याच्या दारात असतं तसंच. त्या गवताला केंटकी ब्लूग्रास म्हणतात, पण ते केंटकीचं नव्हेच, मूळचं युरोपातलं. एप्रिल ते ऑक्टोबर दर आठवड्याला कापा, वर्षातून तीन-चारदा खत घाला, पिवळं फूल दिसलं की तणनाशक मारा आणि ऑगस्टात वाळू नये म्हणून पिण्याच्या पाण्याने भिजवा. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूसवाल्याची मुलगी. जमिनीला एवढं खाऊपिऊ घालायचं आणि तिच्याकडून पसाभर दाणेही घ्यायचे नाहीत, हा व्यवहार मला कधी पटला नाही. त्याहून खटकायचं ते हे, की त्या गवताला कुणी तोंडच लावत नव्हतं. एक पान कुरतडलेलं नाही, एक अळी नाही. आजूबाजूचे याला 'हेल्दी लॉन' म्हणायचे.

प्रेअरीशी, म्हणजे इथल्या मूळच्या गवत-रानफुलांच्या माळाशी, गाठ पडली ती बॅटेव्हियाच्या फर्मीलॅबमध्ये. अणूच्या आतले कण वेगाने धाडून त्यांच्या टकरी घडवणारी ही प्रयोगशाळा. तिच्या आवारात 1969 पासून बायसनचा, म्हणजे अमेरिकेतल्या केसाळ रानबैलांचा, कळप पाळलेला आहे आणि मुलगी लहान असताना आम्ही तिथे जायचो ते बायसन बघायला. त्याच आवारात, कणांच्या गोल बोगद्याने वेढलेल्या मोकळ्या जमिनीवर, 1975 साली रॉबर्ट बेट्झ नावाच्या जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी प्रेअरी परत लावायला सुरुवात केली. जुलैअखेरीस पायवाटेने आत शिरलं की दोन्ही बाजूंची गवतं आणि फुलं डोक्याच्या वर जातात. मी थांबले ती तिथल्या आवाजामुळे. सगळं शिवार गुणगुणत होतं. आमच्या गल्लीत असा आवाज फक्त लॉनमोअरचा येतो.

मग लायलच्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानातली शूलेनबर्ग प्रेअरी पाहिली, जी 1962 पासून हाताने लावत, निंदत वाढवलेली आहे. तिथून वाचनाचा नाद लागला. इलिनॉयला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात, पण युरोपीय वस्ती होण्याआधी इथे जी सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी होती, तिच्यातली नांगर न लागलेली, चांगल्या प्रतीची म्हणावी अशी उरली आहे जेमतेम अडीच हजार एकर. 1837 मध्ये जॉन डिअर नावाच्या लोहाराने याच राज्यातल्या ग्रँड डिटूर गावी पोलादी फाळाचा नांगर केला. इथली माती इतकी चिकट, की जुन्या बिडाच्या फाळाला ती लगडून बसायची आणि दर थोड्या पावलांवर नांगर थांबवून खरवडावी लागायची. गुळगुळीत पोलादावरून ती आपसूक सुटू लागली आणि मग काही दशकांत प्रेअरीचं मक्याचं रान झालं. जुने तुकडे आता सापडतात ते रेल्वेच्या रुळांकडेला नाहीतर जुन्या दफनभूमीत, जिथे नांगर घालायला कुणी धजलं नाही. नेपरव्हिलला व्हरमाँट सेमेटरी नावाची अशी एक जागा आहे. सगळी मिळून एक एकर.

माती काळी आहे, अगदी आपल्या विदर्भासारखी. मात्र आपली काळी झाली ती बेसॉल्टचा खडक झिजून. इथली काळी केली आहे गवतांच्या मुळांनी. प्रेअरीतल्या झाडांचा मोठा हिस्सा जमिनीखाली असतो. कंपास प्लँट नावाच्या सूर्यफुलाच्या भाऊबंदाचं मूळ 15 फुटांपर्यंत जातं, लिटल ब्लूस्टेमसारख्या गुडघ्या-कमरेएवढ्या गवताचंही पाच-सहा फूट. ही मुळं दरवर्षी थोडी मरतात, थोडी नवी फुटतात, आणि हे हजारो वर्षं चालल्यावर जी माती तयार होते तिच्यावर अमेरिकेचा मका पिकतो. लॉनचं मूळ दोन-चार इंच. पाऊस पडला की बरंच पाणी गटारात.

नवऱ्याची अट एकच होती, पुढच्या बाजूला जे काही करायचं ते 'केलेलं' दिसलं पाहिजे, सोडून दिलेलं नाही. म्हणून जागेचे दोन भाग केले. पुढच्या अंगणात तयार रोपं आणि मागच्या कुंपणालगतच्या पट्ट्यात बियाणं. दोन्हींची तयारी वेगळी असते आणि खरं काम या तयारीतच आहे. झाडं लावणं त्यामानाने सोपं.

2022 च्या शरद ऋतूत पुढचं लॉन शक्य तितकं बुटकं कापून त्यावर जाड पुठ्ठे अंथरले. टेप सोलून, एकमेकांवर वीतभर चढवून, वर पाणी मारून, त्यावर चार-पाच इंच लाकडाचा भुसा. खाली उजेड पोचला नाही की वसंतापर्यंत गवत मरतं आणि पुठ्ठा मऊ पडतो. पुठ्ठे मिळवायला दुकानांच्या मागे हिंडावं लागलं. फ्रीजची आणि सायकलींची खोकी सर्वात चांगली, कारण त्यांना जोड कमी असतात. मागच्या पट्ट्यावर हे चालत नाही, कारण बियाण्याला उघडी माती लागते. तिथे पुढच्या वसंतापासून शरदापर्यंत काळी ताडपत्री ताणून ठेवली, कडांना विटा. तणनाशकाची एक फवारणी केली असती तर हेच काम पंधरा दिवसांत झालं असतं आणि प्रेअरी लावणारे अनेक अनुभवी लोक तेच करतात. मला ते करायचं नव्हतं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्यानंतर पाठीवरचा पंप हा विषय आमच्या घरात साधा राहिलेला नाही.

इथे खोदण्याआधी एक फोन करावा लागतो, 811 वर. इलिनॉयमध्ये या सेवेचं नाव ज्युली. काही दिवसांत माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांवर रंगीत झेंड्या रोवून जातात. पिवळी गॅसची, लाल विजेची, नारिंगी इंटरनेट-फोनची, निळी पाण्याची. पैसे पडत नाहीत. आमच्या अंगणात तर चारही रंग लागले आणि गॅसची लाइन नेमकी जिथे कंपास प्लँट लावायचा होता तिथूनच जात होती. तो मागे गेला.

झाडांची निवड करताना रोपवाटिकांच्या याद्यांनी डोकं भणभणलं. 'पॉलिनेटर फ्रेंडली' ही चिठ्ठी आता कशालाही लावतात. दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची रंगीबेरंगी कोनफ्लॉवर मिळतात. दिसतात गोंडस, पण पाकळ्या वाढवण्याच्या नादात मकरंद आणि पराग जिथे असायचे ती जागाच उरत नाही. दुसरा धोका म्हणजे काही रोपवाटिका रोपांना निओनिकोटिनॉइड गटातलं कीटकनाशक देतात. ते झाडाच्या अंगभर भिनतं, परागातही उतरतं. म्हणजे मधमाश्यांसाठी म्हणून आणलेलं झाडच त्यांना विष पाजणार. मी सरळ विचारायचे, रोपांवर काय मारलंय? ज्यांना उत्तर देता आलं नाही तिथून काही घेतलं नाही.

माझी कसोटी साधी होती. फूल कसं दिसतं हे नंतर, आधी या झाडाला कोण खातं? फुलपाखरू मकरंद वीस झाडांवर पिऊ शकतं, पण अंडी घालायला त्याला बहुधा ठरावीकच झाड लागतं. मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीड या चिकाच्या झाडाशिवाय काही खात नाही. म्हणून पुढच्या अंगणात बटरफ्लाय वीड (तेही मिल्कवीडच) आणि ओलसर कोपऱ्यात स्वाँप मिल्कवीड लावलं. साधं कॉमन मिल्कवीड मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते जमिनीखालून धावतं आणि दोन वर्षांत फुटपाथच्या भेगेतून डोकं काढतं. ब्लॅक स्वॉलोटेलसाठी गोल्डन अलेक्झांडर्स, जे गाजराच्या कुळातलं आहे. (माझ्या शेपूवर दरवर्षी हिरव्या-काळ्या पट्ट्यांच्या अळ्या यायच्या त्या याच फुलपाखराच्या, हे तेव्हा कळलं.) मग वाइल्ड बर्गमॉट, पेल पर्पल कोनफ्लॉवर, ब्लेझिंग स्टार, रॅटलस्नेक मास्टर, शेवटच्या मोसमासाठी न्यू इंग्लंड अ‍ॅस्टर आणि स्टिफ गोल्डनरॉड. अधेमधे गवतं, लिटल ब्लूस्टेम आणि प्रेअरी ड्रॉपसीड. गवतं नसली तर उंच फुलं पहिल्या वादळात आडवी होतात. सुपीक मातीत तर नक्कीच. म्हणून खत अजिबात घालायचं नाही. ते तणांनाच लागू पडतं.

एप्रिलच्या अखेरीपासून थंडी पडेपर्यंत काही ना काही फुललेलं राहिलं पाहिजे, हाही हिशेब होता. बंबलबी या गुबगुबीत, केसाळ मधमाशीची राणी वसंतात जमिनीतून एकटीच बाहेर येते, तेव्हा तिला फूल हवं. तिच्याच पुढच्या राण्यांना ऑक्टोबरात हिवाळ्याची बेगमी करायला फूल हवं. मधे जूनमध्ये एक पोकळी येते ती स्पायडरवर्टने भरली.

मे 2023 मध्ये पुठ्ठ्यांना सुरीने छेद देऊन रोपं लावली. अंगठ्याएवढी रोपं, फूटभर अंतराने. लावून झाल्यावर अंगण पाहून मुलगी म्हणाली, "आई, झालं? एवढंच?" त्या पहिल्या उन्हाळ्यात पाणी द्यावं लागलं, त्यानंतर एकदाही नाही.

बियाण्याची गोष्ट जास्त मजेची आहे. इथल्या बहुतेक रानझाडांचं बी थंडी-ओल अनुभवल्याशिवाय उगवत नाही. शरदात जमिनीवर पडलेलं बी लगेच रुजलं तर कोवळं रोप हिमात मरेल, म्हणून त्याने स्वतःला घातलेलं हे कुलूप आहे. ते उघडायचे दोन मार्ग आहेत. एक, बी ओल्या वाळूत कालवून महिना-दोन महिने फ्रीजमध्ये ठेवणं. दुसरा, नोव्हेंबरच्या अखेरीला थेट मातीवर फेकून हिवाळ्यालाच काम करू देणं. मी मुख्य बियाणं नोव्हेंबर 2023 मध्ये फेकलं. ताडपत्री काढली, माती उकरली नाही (उकरली की खालचं तणाचं बी वर येतं), बियाणं ओल्या वाळूत मिसळून हाताने फोकून पेरलं. मग आम्ही तिघं त्यावर बूट घालून नाचलो, कारण बी मातीत गाडायचं नसतं, फक्त चिकटवायचं असतं. गोठण-विरघळण्याच्या फेऱ्यांत माती भेगाळते, मिटते आणि बी आपोआप आत जातं. फ्रीजमध्ये गेलं ते उरलेलं थोडं. कढीपत्त्याच्या पिशवीशेजारी वाळूच्या सात-आठ पिशव्या, मार्चपर्यंत.

वाइल्ड इंडिगो आणि पर्पल प्रेअरी क्लोव्हर ही शेंगावर्गीय, त्यांच्या बियाण्यासोबत जिवाणूंची भुकटी येते. वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "रायझोबियम. सोयाबीनले लावतो तेच. त्यात काय नवं आहे?" माझ्या एवढ्या प्रकल्पातलं त्यांना ओळखीचं निघालेलं हे पहिलं काम.

इथे प्रेअरी लावणाऱ्यांत एक वाक्य सतत ऐकू येतं की झाडं पहिल्या वर्षी झोपतात, दुसऱ्या वर्षी रांगतात, तिसऱ्या वर्षी उडी मारतात. झोपतात ती वरून. खाली मुळं चालू असतात. पण वर जे दिसतं ते फार केविलवाणं असतं. 2024 च्या उन्हाळ्यात मागचा पट्टा म्हणजे तणांचं संमेलन होतं. मला मात्र त्यात घरचीच मंडळी भेटली. लँब्ज क्वार्टर्स म्हणून ज्याला इथे शिव्या देतात तो आपला चाकवत. पर्सलेन म्हणजे घोळ. ज्या तणांना उपटायला माणसं पैसे मोजतात त्यांची मी डाळ घालून भाजी केली. उरलेल्यांचा उपाय म्हणजे कापणी. तण आठ-दहा इंच झालं की सहा इंचांवर छाटायचं, उपटायचं नाही. वार्षिक तणांना बी धरू द्यायचं नाही आणि प्रेअरीची रोपं त्या वर्षी इतकी बुटकी असतात की पातं त्यांच्या वरून जातं. छाटणीयंत्र धरून हात भरून यायचे. हे काम कंटाळवाणं आहे आणि यात काव्य वगैरे काही नाही.

त्याच जूनमध्ये पत्र आलं. घरमालकांच्या संघाचं. 'पुढील अंगणातील अनियंत्रित वाढ' चौदा दिवसांत काढावी, अन्यथा दंड. पुढच्या अंगणातला बर्गमॉट तेव्हा छातीएवढा होता. सतरा वर्षं जमिनीखाली काढून वर आलेल्या रातकिड्यांसारख्या सिकेडांनी त्या महिन्यात उत्तर इलिनॉयमध्ये कानठळ्या बसवल्या होत्या, त्यामुळे फोनवर संघाच्या बाईंशी काय बोलले ते मला धड ऐकूही येत नव्हतं. एवढं कळलं की त्यांना प्रत्यक्ष झाडांशी काही देणंघेणं नव्हतं. उंची, कडा आणि तक्रार करणाऱ्या घराची शांतता, एवढंच. मग मी झाडं न काढता कडा काढल्या. फुटपाथलगत दोन फुटांची पट्टी गवताची ठेवून ती अगदी नेटकी कापली, विटांची किनार घातली, पुढची उंच झाडं मे महिन्याच्या अखेरीस अर्धी छाटली की ती बुटकी आणि दाट फुलतात हे पुढच्या वर्षासाठी टिपून ठेवलं, आणि झाडांच्या नावांची यादी फोटोंसह पाठवली. ऑगस्टमध्ये इलिनॉयने कायदाच केला. घरमालकांच्या संघाला आता देशी झाडांच्या बागेवर सरसकट बंदी घालता येत नाही, मात्र बागेची निगा राखलेली असली पाहिजे. दुसरं पत्र आलं नाही. खरं सांगायचं तर लोकांचा विरोध रानाला नसतो, बेपर्वाईला असतो, आणि दोन फुटांच्या कापलेल्या पट्टीने ती शंका फिटते. कायद्याच्या आधी माझं काम त्या पट्टीनेच केलं असं मला वाटतं.

शेजारी एकटे राहणारे निवृत्त गृहस्थ आहेत, लॉन आठवड्यातून दोनदा कापणारे. त्यांची तक्रार गोल्डनरॉडबद्दल होती. ते फुललं की त्यांना शिंका येतात. हा आरोप इथे घरोघरी ऐकू येतो. शिंका आणतं ते रॅगवीड. ते त्याच सुमारास फुलतं, त्याची फुलं हिरवट, कुणाच्या नजरेत न भरणारी, आणि त्याचा हलका पराग वाऱ्यावर उडतो. गोल्डनरॉडचा पराग जड, चिकट, माशीच्या पायाला लागून जाणारा. त्यांना पटेना, तेव्हा मी त्यांनाच त्यांच्या कुंपणाच्या आतलं रॅगवीड दाखवलं. गंमत म्हणजे हेच गोल्डनरॉड पुण्याच्या फुलबाजारात पुष्पगुच्छातली जागा भरायला जुडीने विकतात. तिकडे कुणाला शिंक आल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता आले कोण कोण. पहिल्या उन्हाळ्यातच, झाडं वीतभर असताना, पानांच्या कडांना गोल गोल खाचा दिसू लागल्या. जणू नाण्याने कापलेल्या. लीफकटर मधमाशी. ती पानाचे गोल तुकडे कापून नेते आणि पोकळ काडीत त्यांच्या गुंडाळ्या करून पिलांच्या खोल्या बांधते. उत्तर अमेरिकेत मधमाश्यांच्या सुमारे चार हजार देशी जाती आहेत आणि आपण जिला मधमाशी म्हणून ओळखतो, पोळं करून मध देणारी, ती त्यांत नाही. ती युरोपातून आणलेली. देशी मधमाश्यांपैकी बहुतेकींचं पोळं नसतं, राणी नसते, डंख मारायची हौसही नसते. जवळपास सत्तर टक्के जाती जमिनीत बीळ करून राहतात. म्हणून मी भुशाचा थर दुसऱ्या वर्षी वाढवला नाही आणि दक्षिणेकडचा एक कोपरा उघडा ठेवला. तिथे एप्रिलमध्ये मुंग्यांच्या वारुळासारखे पण मोठ्या भोकाचे ढिगारे दिसले. चार वर्षांपूर्वी मी त्यावर उकळतं पाणी ओतलं असतं.

बर्गमॉट फुलला आणि बंबलबींची रांग लागली. संध्याकाळी लांब मिशांच्या नर मधमाश्या अ‍ॅस्टरच्या फुलावर तीन-चार जणांच्या घोळक्याने झोपलेल्या असतात. त्यांना घर नसतं, घर फक्त मादी बांधते. रॅटलस्नेक मास्टरच्या काटेरी गोळ्यांवर जेवढ्या जातींच्या गांधीलमाश्या येतात तेवढ्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या, आणि एकीलाही माझ्यात रस नव्हता. पाठीवर तांबूस डाग असलेली रस्टी पॅच्ड बंबलबी, जिला 2017 मध्ये धोक्यात आलेली जात म्हणून संरक्षण मिळालं (अमेरिकेच्या मुख्य भूमीवरची अशी पहिलीच मधमाशी), ती शिकागोच्या आसपास अजून आढळते. आमच्याकडे आलेली नाही. मी बर्गमॉटवरच्या प्रत्येक पाठीकडे बघते.

मोनार्क आली 2024 च्या जुलैत. स्वाँप मिल्कवीडच्या पानाच्या पाठीला एकेक मोतिया अंडं. चारेक दिवसांत अळी, आणि पुढचे दोन आठवडे ती जे खाते ते पाहण्यासारखं आहे. पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ती अळी मला अनोळखी नव्हती. गावाकडे शनिवारी मारुतीला वाहायला रुईची पानं तोडताना तिच्यासारख्याच अळ्या असायच्या, बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या. मोनार्कचा तो सख्खा चुलत भाऊ, आणि रुई मिल्कवीडच्याच कुळातली. तोच चीक, चिकातलं त्याच प्रकारचं विष, आणि ते अंगात साठवून पक्ष्यांना कडू लागायची तीच युक्ती. कुंडीत हौसेने लावतात ते हळदीकुंकूही याच मिल्कवीडच्या गोतातलं, आणि ते तर अमेरिकेतूनच आपल्याकडे आलेलं.

मिल्कवीडवर मावाही पडला. पिवळाधम्मक, देठभर. हा मावाही रुई-कण्हेरीवर पडतो तोच. वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. अळ्या एका पानावर, मावा दुसऱ्यावर, मी कौतुकाने फोन फिरवतेय.

"अळ्या पडल्या, मावा पडला, अन् तू हासून राहिली? फवारा मार नं पोरी."

"बाबा, अळ्यांसाठीच तर झाड लावलं."

पलीकडे शांतता. मग, "ढालकिडे आले का?"

आले होते. दहा-बारा दिवसांत ढालकिड्यांनी आणि त्यांच्या पिलांनी मावा आटोक्यात आणला. मित्रकीटक हा शब्द वडिलांना कृषी सहायकांच्या सभांतून पाठ आहे. कापसात तो अमलात आणायला मात्र हंगाम कधी थांबत नाही. मी तीनशे चौरस फुटांवर थांबू शकते, माझं पोट त्यावर नाही. हा फरक मला दर वेळी आठवतो आणि म्हणून 'फवारणी बंद करा' असं मी त्यांना कधी सांगत नाही.

मोनार्कच्या बहुतेक अळ्या मरतात, हेही सांगायला हवं. कोळी, मुंग्या, गांधीलमाश्या, परजीवी माश्या. अळ्या घरात आणून जाळीच्या पिंजऱ्यात वाढवणारे खूप लोक आहेत. मुलीचाही हट्ट होता. मी आणल्या नाहीत. गांधीलमाशीनेही अळी नेली तर ती तिच्या पिलांसाठीच नेली, आणि तीही याच बागेची. सप्टेंबरात जी पिढी कोषातून निघते ती अंडी न घालता दक्षिणेला उडते, थेट मध्य मेक्सिकोच्या डोंगरांतल्या ओयामेल वृक्षांपर्यंत, आणि आधीच्या पिढ्या जिथे महिनाभर जगतात तिथे ती सात-आठ महिने जगते. शास्त्रज्ञांना ही हिवाळी वसतिस्थानं सापडली ती 1975 मध्ये. तिथल्या गावकऱ्यांना फुलपाखरं अर्थात आधीपासून माहीत होती. या प्रवासासाठी लागणारं इंधन म्हणजे गोल्डनरॉड आणि अ‍ॅस्टर. शेजाऱ्यांना मी हेही सांगितलं.

जून 2025 मध्ये वडील आले. तिसरं वर्ष, झाडांनी उडी मारलेली. मागच्या पट्ट्यातलं बियाणं पहिल्यांदा फुललं होतं, ब्लॅक-आइड सुझनच्या पिवळ्या गर्दीत कोनफ्लॉवरची पहिली फुलं. कंपास प्लँटची पानं मात्र अजून चारच, जमिनीलगत, कडा उत्तर-दक्षिण धरून उभी. फुलायला त्याला आणखी बरीच वर्षं लागतील. वडील रोज सकाळी चहा घेऊन तिथे उभे राहायचे आणि सवयीने पानं उलटी करून बघायचे. त्यांनीच गोल्डन अलेक्झांडर्सवरची ब्लॅक स्वॉलोटेलची अळी मला दाखवली. नातीला हाक मारून म्हणाले, "पाय, अळी पडली," आणि मग तिच्यासोबत ती मोजत बसले. पुढे त्यांचं लक्ष अर्थकारणाकडे वळलं. या बियाण्याचा भाव काय? सांगितला. औंसाला पंधरा-वीस डॉलर, काहींचा त्याहून जास्त. त्यांनी मनातल्या मनात किलोचा भाव काढला आणि म्हणाले, "मंग लोकं मका काहून लावतात?"

प्रेअरीला आग लागते. म्हणजे मुद्दाम लावतात. पोटावाटोमी आणि इथले इतर मूळ रहिवासी शतकानुशतकं लावत होते. वाळलेलं जळून जातं, झाडोरा मागे हटतो, काळी झालेली माती लवकर तापते आणि मुळं नव्याने फुटतात. राखीव प्रेअऱ्यांत आजही प्रशिक्षित लोक हे काम करतात. आमच्या गल्लीत अर्थात हे शक्य नाही, त्यामुळे कात्री. आणि तीही शरदात नाही. वाळलेले दांडे हिवाळाभर उभे ठेवायचे. कोनफ्लॉवरच्या बोंडांवर गोल्डफिंच पक्षी येतात, बर्गमॉटच्या पोकळ काड्यांत मधमाश्या झोपलेल्या असतात, पडलेल्या पानांखाली पतंगांचे कोष. एप्रिलमध्ये दांडे फूट-दीड फुटावर कापायचे आणि खालची खुंटं तशीच ठेवायची. त्या उन्हाळ्यात त्या खुंटांत नवी घरटी होतात आणि त्यातली पिलं पुढच्या वसंतात बाहेर येतात. नवी वाढ जूनपर्यंत खुंटं झाकून टाकते. तोवर अंगण थोडं बोडकं दिसतं, त्याला इलाज नाही.

ऑक्टोबरात बी गोळा केलं. बोंड वाळून तपकिरी झालं आणि हातात चुरलं की बी सुटलं तर ते तयार. कागदी पिशवीत ठेवायचं, प्लॅस्टिकच्या नाही, बुरशी येते. मिल्कवीडच्या शेंगा फुटण्याआधी रबरबँड लावला नाही तर कापूस सगळ्या गल्लीत.

त्या कापसाचं काही बी शेजाऱ्यांच्या लॉनमध्ये गेलं आणि मी माफी मागायला गेले, तर ते कुंपणालगतची आपल्या बाजूची पट्टी मला दाखवायला लागले. तिथे काही लावता येईल का? त्यांच्या अटी अशा की फुलपाखरं यावीत, गांधीलमाश्या येऊ नयेत, आणि उंची गुडघ्यापर्यंत. पहिली अट पुरी करणारी झाडं दुसरी कशी मोडतात हे मी समजावतेय, त्यांना पटत नाहीये. बटरफ्लाय वीड, प्रेअरी ड्रॉपसीड आणि प्रेअरी स्मोक एवढ्यावर आमचं जुळलं आहे, बर्गमॉटवर वाद चालू आहे. पुठ्ठे मात्र त्यांनी गॅरेजमध्ये साठवायला सुरुवात केली आहे, आणि टेप न सोललेले असतात म्हणून मी दर रविवारी जाऊन ते सोलते.